सत्यकामाचा चौथा गुरू



ज्या सरांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, ते आयुष्यभर संस्कृत शिकवत आले आणि आयुष्यभर एका शब्दावर चिडत आले. तो शब्द 'पक्षिविशेष'. जुन्या टीकाकाराला एखादा पक्षी ओळखता आला नाही की तो 'पक्षिविशेषः' असं लिहून मोकळा होतो. वनस्पती असेल तर 'वृक्षविशेषः', मासा असेल तर 'मत्स्यविशेषः'. म्हणजे कसला तरी पक्षी, कसलं तरी झाड, कसला तरी मासा. सर म्हणायचे, हा अर्थ नव्हे, ही रजेची चिठ्ठी आहे. त्या चिठ्ठ्यांपैकी एक आज उघडून बघू. शब्द आहे 'मद्गू'.

हा शब्द जिथं सर्वांत मानानं आला आहे तिथून सुरुवात करतो. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातली सत्यकाम जाबालाची गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. आई जबाला, बापाचं गोत्र माहीत नाही, मुलगा ते लपवत नाही, आणि हारिद्रुमत गौतम त्याला जवळ करतात. क्रमिक पुस्तकात गोष्ट इथं संपते. उपनिषदात ती इथून सुरू होते. गुरू त्याच्या हवाली ४०० रोडक्या, दुबळ्या गाई करतात. त्या घेऊन निघताना पोरगा म्हणतो, हजार झाल्याशिवाय परतणार नाही. वर्षं जातात. हजार होतात. मग परतीच्या वाटेवर त्याला ब्रह्माचा एकेक पाद कळत जातो आणि सांगणारा प्रत्येक वेळी वेगळा असतो. पहिला पाद कळपातला बैल सांगतो, दुसरा अग्नी, तिसरा हंस. चौथा सांगतो मद्गू.

बैल, अग्नी आणि हंस यांच्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. हंसावर तर आपल्याकडे पोथ्याच्या पोथ्या आहेत. चौथ्या गुरूपाशी मात्र बहुतेक मराठी भाषांतरं 'मद्गू नावाचा पाणपक्षी' एवढं म्हणून पुढं सरकतात. शंकराचार्यांनी निदान एक कारण दिलं. त्यांच्या भाष्यात मद्गू हा पाण्यात वावरणारा पक्षी आहे, आणि पाण्याशी संबंध असल्यामुळे तो प्राणाचं रूप आहे. याच उपनिषदात पुढं प्राण हा पाण्याचा बनलेला आहे असं म्हटलं आहे, त्यामुळे आचार्यांचा धागा पक्का आहे. पण पक्षी कोणता, हा प्रश्न त्यांनाही पडलेला दिसत नाही.

आधी शब्द उकलू. पाणिनीय धातुपाठात 'मस्ज्' असा धातू आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे 'शुद्धी'. बुडणं नव्हे, शुद्धी. गंगेत किंवा गोदावरीत डुबकी मारून बाहेर येणाऱ्या माणसाला यात काही चमत्कारिक वाटणार नाही. मज्जन म्हणजे स्नान, ते याच धातूचं. मग्न आणि निमग्न हेही त्याचेच. पोरगं मोबाइलमध्ये मग्न आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते बुडालेलं आहे, एवढंच म्हणत असतो. या मस्ज् धातूला 'उ' प्रत्यय लागला की मद्गू, म्हणजे बुडी मारणारा. आता ज चा ग का झाला? वैयाकरणांना ही अडचण दिसली होती. अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात 'न्यंकू' वगैरे शब्दांसाठी एक वेगळं सूत्र आहे. त्या गणात मद्गू बसला आहे आणि त्याच्या शेजारी भृगू ऋषींचं नाव आहे. व्याकरणात असे शेजार असतात.

हा धातू आपल्या एकट्याचा नाही. मूळ शब्दात असलेल्या 'ज़'सारख्या ध्वनीचा संस्कृतात 'द' झाला, लॅटिनमध्ये 'र' झाला. लॅटिन 'मर्गो' म्हणजे बुडवणं, आणि बुडी मारणारा पक्षी 'मर्गस'. मद्गू आणि मर्गस ही सख्खी भावंडं आहेत. लिथुएनियन भाषेत याच मुळाचं 'मज़गोती' हे क्रियापद आहे, अर्थ धुणं. धातुपाठातली शुद्धी पुस्तकी वाटत असेल त्यांनी हे बाल्टिक किनाऱ्यावरचं धुणं लक्षात घ्यावं. इंग्रजीनं लॅटिनकडून बरंच उचललं. पाण्याखालून एकदम वर येतं ते 'इमर्ज' होतं, आणि तसं काही अचानक उपटलं की 'इमर्जन्सी'. दोन बँका एकमेकींत बुडतात तेव्हा 'मर्जर'. 'बुडतात' हे क्रियापद मी इथं मराठी ठेवीदाराच्या अर्थानं वापरलेलं नाही.

रोमन लोकांनी आपल्या मर्गसला एक कथा दिली. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या अकराव्या भागात ट्रॉयच्या राजाचा मुलगा एसाकस येतो. तो हेस्पेरिया नावाच्या मुलीच्या मागे धावतो, पळता पळता तिला साप चावतो, ती मरते. पश्चात्तापानं तो कड्यावरून समुद्रात उडी घेतो. समुद्रदेवता टेथिस त्याला मरू देत नाही, पक्षी करते. तेव्हापासून तो जीव द्यायला पुन्हा पुन्हा पाण्यात सूर मारतो आणि पुन्हा पुन्हा वर येतो. रोमन कवीला या बुडीत फसलेली आत्महत्या दिसली. आपल्या उपनिषदकाराला तिच्यात गुरू दिसला. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, पण पक्ष्याकडे बघणारी माणसं वेगळी.

आणि आपल्याकडची माणसं तरी एक कुठं आहेत? मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कुठल्या चोरीला कुठला जन्म, याची लांबलचक यादी आहे. मांस चोरणारा गिधाड होतो. वपा, म्हणजे चरबी, चोरणारा मद्गू होतो. छांदोग्यातला आचार्य इथं चोराच्या शिक्षेचा जन्म झाला. दहाव्या अध्यायात मद्गू हे एका संकरजातीचं नाव आहे आणि तिचा धंदा रानटी जनावरं मारणं. वाजसनेयी संहितेच्या चोविसाव्या अध्यायात अश्वमेधाच्या पशुपक्ष्यांची यादी आहे, तिथं सोमाला हंस, मित्राला मद्गू आणि वरुणाला चक्रवाक. हरिवंशात अक्रूराच्या भावांची नावं मद्गू आणि उपमद्गू.

वामन शिवराम आपट्यांचा कोश १८९० साली पुण्यात निघाला. त्यात हे बहुतेक अर्थ आहेत, शिवाय एक साप आणि एक लढाऊ गलबतही. सापाबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्यांना मद्गूच्या प्रत्येक प्रयोगाचा कालक्रमानं हिशेब हवा असेल त्यांनी डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाची वाट पाहावी. ते काम १९४८ साली सुरू झालं आणि अजून सुरुवातीच्या अक्षरातच आहे. 'म' यायला आपल्यापैकी कुणी असेल असं वाटत नाही. काम इतकं सखोल आहे म्हणून वेळ लागतो, हे मी आदरानंच म्हणतो.

गलबताची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मित्रगुप्ताला समुद्रात फेकून देतात. यवनांचं एक जहाज त्याला वर काढतं आणि साखळदंडात ठेवतं. इतक्यात होड्यांच्या गराड्यात एक 'मद्गू' त्या जहाजावर चालून येतो. यवनांचा धीर सुटतो. मित्रगुप्त म्हणतो, मला मोकळा करा, मग बघा. आणि तो हल्ला परतवतो. बांधून आणलेला शत्रू बघतो तर त्याला समुद्रात फेकणारा भीमधन्वाच. दंडीच्या काळी, म्हणजे सुमारे १३०० वर्षांपूर्वी, वेगानं अंगावर येणाऱ्या लढाऊ नावेला बुडी मारणाऱ्या पक्ष्याचं नाव होतं. माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' पाणबुडी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. कलवरी हे एका शार्क माशाचं मल्याळम नाव. एखाद्या पाणबुडीचं नाव मद्गू ठेवायला अजून जागा आहे, संबंधितांनी विचार करावा.

मद्गूचा धाकटा भाऊ 'मद्गुर' आपण आजही बाजारात तोलून घेतो. तो मागूर मासा. चिखलात, तळाशी राहणारा, मिशावाला. अमरकोशात मद्गुराची प्रिया शृंगी असं म्हटलं आहे. शृंगी म्हणजे शिंगी मासा. अमरसिंहानं या दोघांचं लग्न लावून दिलं आणि बंगालच्या मासळीबाजारात शिंगी-मागूर अजून जोडीनंच विकले जातात. प्राणिशास्त्राच्या मते त्यांच्या प्रजाती वेगळ्या, पण अमरसिंहाला कोण विचारणार. फ्रान्सिस हॅमिल्टन यानं १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला तेव्हा लोकांच्या तोंडचा 'मागूर' त्यानं शास्त्रीय नावात तसाच ठेवला. 'क्लारियस मागूर' हे त्याचं आजचं नाव. एकोणिसाव्या शतकातल्या एका स्कॉटिश डॉक्टरनं नकळत मस्ज् धातू प्राणिशास्त्रात नेऊन ठेवला. आपल्याकडे छाप्यांच्या बातम्यांत येतो तो थाई मागूर. तो आफ्रिकेतला, बंदी असलेला. त्याचा आणि सत्यकामाचा संबंध नाही.

आता मुख्य प्रश्न. हा पक्षी कोणता?

आपल्या पाण्यावर बुडी मारून पोट भरणारे तीन उमेदवार ठळक आहेत. पहिली टिबुकली. गावतळ्यातही दिसते, मुठीएवढा तपकिरी गोळा, बघता बघता नाहीशी होते आणि भलतीकडे उगवते. तिच्या नावातच पाण्याचा आवाज आहे. दुसरा तिरंदाज. अंग पाण्याखाली ठेवून नुसती सापासारखी मान वर काढून पोहतो आणि मिटलेल्या चोचीनं मासा भोसकतो. तिसरा पाणकावळा.

कोश एकत्र ठेवले तर कौल पाणकावळ्याकडे जातो. संस्कृत कोशकार मद्गूला 'जलवायस' असाही पर्याय देतात. वायस म्हणजे कावळा. टिबुकलीला कुणी कावळा म्हणणार नाही. पण कोशाचा पुरावा मला पुरेसा वाटत नाही, कारण कोशकार एकमेकांचं बघून लिहितात. सुश्रुताचं बघा. त्याच्या मांसवर्गात मद्गू हंस, सारस, बगळा यांच्या पंगतीत आहे आणि हे सगळे थव्यानं फिरणारे, असं तो सांगतो. त्याच ग्रंथात झाडांवर राहणाऱ्या 'पर्णमृगां'च्या यादीतही मद्गू आहे, तेही वानरांच्या पंक्तीला! एकाच नावाचे दोन प्राणी असतील. पण झाडावर मुक्काम करणारा बुडीमार पक्षी डोळ्यांसमोर आणा. टिबुकली झाडावर बसत नाही. तिचे पाय इतके मागे आहेत की जमिनीवरही तिला धड चालता येत नाही. पाणकावळा आणि तिरंदाज झाडावरच बसतात, झाडावरच घरटी करतात. सुश्रुताच्या पर्णमृगांचा गुंता यानं सुटतो असा माझा दावा नाही, पण ही नोंद बाजूला टाकण्यासारखीही नाही.

मला निर्णायक वाटतो तो पुरावा उपनिषदातच आहे, फक्त तो व्याकरणाच्या चष्म्यातून दिसत नाही. अग्नी, हंस आणि मद्गू या तिन्ही वेळा प्रसंग सारखा आहे. दिवसभर गाई हाकल्या, संध्याकाळ झाली, सत्यकामानं अग्नी पेटवला, गाई कोंडल्या, समिधा घातली आणि अग्नीच्या मागे पूर्वेकडे तोंड करून तो बसला. मग मद्गू उडत येतो, जवळ उतरतो आणि हाक मारतो. उडत येतो, आणि तेही दिवेलागणीला. टिबुकली संकट आलं की उडत नाही, बुडते. पाणकावळे मात्र संध्याकाळी ठरलेल्या झाडांकडे रांगेनं परततात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला, किंवा गोदावरीवर नांदूरमध्यमेश्वरला, सूर्य मावळताना पाण्यालगत काळी ओळ जाताना दिसते, ती त्यांची. उपनिषद सांगणाऱ्यानं मद्गूला त्याच्या खऱ्या वेळी आणलं आहे. त्यानं तो पाहिलेला होता.

असा एक पाणकावळा जवळून बघितला पाहिजे. छोटा पाणकावळा जेमतेम हातभर. धरणाच्या पाण्यातून वर आलेल्या वाळक्या बाभळीवर बसलेला. रंग काळा, पण उन्हात त्यावर हिरवट तकाकी येते. चोचीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं. पायाची चारही बोटं एकाच पडद्यानं जोडलेली. बदकाची तीनच असतात. पाण्यात तो किंचित उसळी मारून तोंडानं खाली जातो आणि दोन्ही पाय एकदम मारत माशाचा पाठलाग करतो. नाकपुड्या बाहेरून बंद, त्यामुळे श्वास चोचीनं. मासा आडवा धरून वर येतो, हवेत उडवून सरळ करतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे माशाचे काटे घशात अडत नाहीत. मग पुन्हा फांदीवर येऊन दोन्ही पंख पसरून उन्हात उभा राहतो. हे पंख वाळवणं म्हणजे त्याची सहीच म्हणा. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं, याच्या पिसांत ते मुरतं. हा दोष नाही. पिसांत हवा साठली तर शरीर वर येऊ पाहतं. पिसं भिजली की खाली जाणं सोपं.

आता मद्गूनं सत्यकामाला काय सांगितलं ते ऐका. प्राण, डोळा, कान आणि मन या चार कला मिळून ब्रह्माचा चौथा पाद होतो, त्याचं नाव आयतनवान, म्हणजे ज्याला स्वतःचं ठिकाण आहे तो. बैलानं दिशा सांगितल्या, अग्नीनं पृथ्वी, अंतरिक्ष, आकाश आणि समुद्र सांगितले, हंसानं अग्नी, सूर्य, चंद्र आणि वीज. सगळं बाहेरचं. शरीराच्या आतलं सांगितलं ते एकट्या मद्गूनं. प्राणाबद्दल बोलायला श्वास रोखून खाली जाणारा पक्षी निवडला गेला, आणि आयतनाबद्दल बोलायला रोज संध्याकाळी आपल्या झाडावर परतणारा. हा अर्थ भाष्यकारांचा नाही, माझा आहे. पण पाण्याशी संबंध एवढंच कारण असतं तर बगळा काय वाईट होता?

राहतो तो खादाडपणाचा आळ. मनूनं चरबीचोराला मद्गूचा जन्म दिला, तो हवेतून दिलेला नाही. मासा सबंध गिळणारा हा पक्षी जगभर हावरट म्हणून बदनाम आहे. इंग्रजीत हावरट माणसाला 'कॉर्मोरंट' म्हणत आले. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'च्या चौथ्या भागात सैतान ईडनच्या बागेत शिरतो आणि झाडावर बसतो तो पाणकावळ्याचं रूप घेऊनच. जपानी भाषेत एखादं म्हणणं विचार न करता मान्य करण्याला पाणकावळ्यासारखं गिळणं असं म्हणतात. तिथल्या गिफू शहराजवळ नागारा नदीवर कोळी पाणकावळ्यांच्या गळ्याला दोरी बांधून त्यांच्याकडून मासे धरवतात, तेव्हा हे गिळणं त्यांनी जवळून पाहिलेलं आहे. आपले तळ्यांवरचे मासेवालेही या पक्ष्याबद्दल बरं बोलत नाहीत, आणि बोटुकली सोडलेल्या तळ्यावर पाणकावळ्यांचा थवा उतरला तर का बोलावं?

'कावळा' हे नाव तर आणखी दूर गेलं आहे. तमिळमध्ये नीर्काकम्, कन्नडात नीरुकागे, तेलुगूत नीटिकाकी, हिंदीत पनकौवा, आणि आपला पाणकावळा. युरोपात लॅटिन 'कॉर्वस मरिनस', म्हणजे समुद्रकावळा. त्याचं फ्रेंचमधून घासून घासून 'कॉर्मोरंट' झालं. पोर्तुगीज आजही त्याला 'कोर्वु मारिन्यु' म्हणतात. ग्रीकांनी 'टकला कावळा' म्हटलं, ते शास्त्रीय नावात 'फॅलाक्रोकोरॅक्स' म्हणून बसलं. इतक्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चूक केली. पाणकावळा कावळ्याच्या कुळातला नाही. लोकांनी रंग पाहिला आणि नाव दिलं, गोत्र विचारलं नाही.

मग मद्गू हे नाव गेलं कुठं? ते बुडालं, कारण त्याच्या पायाखालचा धातूच गेला. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृत व्याकरणात नोंदवलं आहे की मस्ज् धातूच्या जागी लोक 'बुड्ड' आणि 'खुप्प' असे शब्द वापरतात. बुड्डचं आपलं बुडणं झालं. खुप्प आपल्या खुपण्यात आणि खुपसण्यात आहे असं मी मानतो. बोलणाऱ्यांच्या तोंडून मस्ज् गेल्यावर मद्गू म्हणजे बुडी मारणारा हे कुणाला कळणार? ज्या नावाचा अर्थ कळत नाही ते नाव कोश सोडून कुठं राहत नाही. रंगाचं नाव, कावळ्याचं, सगळ्यांना कळत होतं. ते राहिलं. आणि बुडण्याचं नाव नव्या क्रियापदातून पुन्हा तयार झालं. हिंदीत 'पनडुब्बी' म्हणजे टिबुकलीही आणि सबमरीनही. मराठीत पाणबुडी आता नौदलाची झाली आहे.

माझा निकाल असा. छांदोग्यातला मद्गू हा पाणकावळा आहे, आणि यापुढच्या मराठी भाषांतरात तसं लिहायला हरकत नसावी. के. एन. दवे यांनी संस्कृत साहित्यातल्या पक्ष्यांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, मारुती चितमपल्लींनी पक्षीकोश केला. ही वाट त्यांनी मळवून ठेवली आहे, कोशकारांनी तिच्यावरून चालायचं एवढंच बाकी आहे.

शेवटी एक विनंती. बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना आपल्याकडचे भोई आणि कोळी काय म्हणतात, हे तळ्यागणिक आणि खाडीगणिक बदलतं, आणि ती नावं बहुतेक छापलेली नाहीत. ज्यांच्या घरी, गावी ती बोलली जातात त्यांनी ती लिहून काढावीत. नाव, गाव, पक्षी कसा बसतो, कधी उडतो, काय खातो, आणि जमलं तर एक फोटो. व्याख्यानमालेच्या कार्यालयात त्यासाठी वही ठेवायचं कार्यकर्त्यांनी मान्य केलं आहे. आणि लिहिताना 'एक पक्षी' एवढंच कृपा करून लिहू नका.